विरजण

मोचेमाडला उतरलेले पाहुणे
ह्या झाडांना पाईन म्हणतात.
म्हणोत. सुरूला त्याचं काही नाही,
तो वारा गाळत उभा.
ह्याच्या सुयाही सुया नव्हेत,
सांध्यासांध्यांची हिरवी दोरी.
पोरं एक सांधा उपटतात, परत बसवतात
आणि विचारतात, सांग, खंय तुटला?

मी तेच शोधत आलेय.
हातात लोखंडी नळी, पिशवीत चाळीस डब्या,
दहा सेंटिमीटर, वीस, तीस.
रेतीच्या अहवालात नत्राच्या रकान्यात
दरवर्षी एकच शब्द: अत्यल्प.
आणि झाडं पन्नास हात उंच.
मग कोण वाढतं ह्यांच्या पानात?

हवेत आहे की ढीगभर.
पाचातले चार घास नत्राचेच,
आत जातात तसेच बाहेर येतात, न उष्टावता.
दोन अणू, मधे तीन गाठी,
मिठाने आवळलेलं जाळंसुद्धा त्यापुढे सैल.
खताच्या कारखान्यात त्या सोडवायला
शेकडो अंशांची भट्टी लागते.

झिलू तारी नर्सरीचा राखणदार.
आधी रापणीवर असायचा,
खांदा निखळला तेव्हापासून रोपं.
माझी नळी बघून हसला.
"बाय, थंय नको. हंय बघ."
बुंध्यापाशी बोटांनीच उकरलं त्याने:
मुळावर गाठ, तपकिरी,
आल्याच्या कुडीसारखी फुटवे फुटलेली.
"पयल्या वर्सा ह्या घालूक नाय,
सगळी रोपा पिवळी पडली.
मगे म्हाताऱ्या झाडाच्या गाठी हाडलंय, कुटलंय,
पिशवेक एक चिमटभर.
इरजाण लावतत, तसा."

मी वहीत लिहिलं: फ्रँकिया.
शेजारी: चिमटभर.

त्या कुडीच्या आत, धाग्यांच्या टोकांना
जाड भिंतींचे फुगे.
प्राणवायूला तिथे मज्जाव.
आणि आत, भट्टी नाही, ज्वाळ नाही,
तळहाताच्या उबेत
तिन्ही गाठी सुटतात.
फुकट नव्हे. झाड त्याची साखर मोजतं,
उन्हातून कमावलेली.

पुढे पातेरा पडतो.
बुरशी त्याला मऊ करते, कोणी त्याचा अमोनिया करतं,
कोणी अमोनियाचं नायट्रेट,
एकीने टाकलेलं दुसरीचं जेवण,
अंधारात पंगत कधी उठतच नाही.
फक्त खाली, खाडीकडच्या पट्ट्यात,
जिथे पाणी तुंबून हवा संपते,
तिथल्या नायट्रेटचाच श्वास घेतात.
मग पुन्हा तीन गाठी मारून
समुद्रावर सोडून देतात.

एवढं सगळं मला पाठ होतं.
सुगंधा कुबल तेवढी पाठ नव्हती.
ती आली दुपारी, खराटा आणि गोणपाट घेऊन,
बनाची अख्खी गादी गुंडाळून
डोक्यावर घेऊन निघाली.
माझ्या अहवालात एक ओळ तयार होती:
पातेरा उचलण्यास बंदी असावी.
मी ती तिला वाचून दाखवली, कसली हौस कोण जाणे.
"बंदी? मगे भात उकडू कित्यावर?
तुझ्या डबयांवर?"
झिलूने दुसरीकडे बघितलं.
मीही.

संध्याकाळी तिच्या पडवीत
पितळी ताटलीत पेज, वर सुक्या बांगड्याचा तुकडा.
चुलीत सुरू तडतडत होता,
सांधा सांधा सुटत,
नत्र धुरातून माडांवर चढत होतं
आणि मी दुसऱ्यांदा पेज मागितली.

वेंगुर्ल्याच्या एसटीत बेरीज केली.
हवेतून आलं इतकं, झाडात इतकं,
रेतीत, झिरपून समुद्रात, खाडीच्या पट्ट्यातून वर.
अकरा टक्के कमी भरत होते.
खोडरबर शोधला, बंदीची ओळ पुसली,
नखांत अजून बनाची माती होती,
कागदावर तिचा एक डाग पडला.
अकराच्या पुढे मी लिहिलं:
सुगंधा कुबल, उकडा तांदूळ.